कंदिलातले रोडगे

आमच्या बुलढाण्याच्या घरी कुणी पाहुणा आला की मी त्याला आधी स्वयंपाकघरातल्या टेबलावरचं काचेचं भांडं दाखवते. नवरा म्हणतो, लोक देवघर दाखवतात, ही हॅलोजन ओव्हन दाखवते. म्हणू दे. अभिमानाची गोष्ट झाकून ठेवायचा माझा स्वभाव नाही.

त्याआधी आमच्याकडे रीतसर ओव्हन होता, पेटीसारखा, दाराचा. ओट्यावर मावेना म्हणून खालच्या फळीवर ठेवलेला. वाकून दार उघडायचं, आत हात घालायचा आणि दर वेळी मनगट भाजून घ्यायचं. वर्षाला दोन केक व्हायचे. बाकीचे दिवस त्यात पापडाचे डबे राहत. एकदा डबे काढायचे विसरून मी तो सुरू केला, डब्यांची प्लास्टिकची झाकणं वितळून पापडांवर सांडली, आणि त्या दिवशी मी त्याचा नाद सोडला. मग हा आणला. खाली काचेचा मोठा वाडगा, वर झाकण, झाकणातच दिवा आणि पंखा. झाकणाचा दांडा दाबला की दिवा लागतो आणि आतलं भाजताना डोळ्यांनी दिसतं.

त्याच हिवाळ्यात बाबा आमच्याकडे आले. आमचं गाव दुसरबीडच्या अलीकडे. घर, भाऊ, वहिनी, सगळं तिथेच. पण बाबांचा खोकला थांबेना, आणि इथल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की धूर आणि धूळ यांच्या जवळ जायचं नाही. गावी अंगणात चूल, शेतात कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या जाळलेल्या. म्हणून मी त्यांना इथे ठेवून घेतलं. ते राहिले खरे, पण कसे? एक पिशवी घेऊन आले होते, ती दारामागच्या खिळ्याला टांगली. धुतलेले कपडे घडी करून रोज परत त्या पिशवीतच. मी कपाट रिकामं करून दिलं, त्याला त्यांनी हात लावला नाही. फोनवर कुणी विचारलं तर म्हणायचे, "लेकीच्या घरी हावो. जाईन दोन दिवसांत." लेकीच्या घरी बसून खायचं हे त्यांना जमत नव्हतं. मला राग यायचा. मी काय परकी होते?

मग गावाहून त्यांच्या जुन्या मित्राचा फोन आला. आमच्या गावात दर हिवाळ्यात मारुतीच्या पारावर रोडग्यांचं जेवण असतं, यंदाचं येत्या रविवारी होतं. तेल लावून एकावर एक ठेवलेल्या कणकेच्या लहान पोळ्या, त्या एका मोठ्या पोळीत बांधून केलेला गोळा, म्हणजे रोडगा. तो गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरायचा, भाजला की राख झटकायची आणि तुपात बुडवायचा. भाजणं बाबांकडे, मला आठवतं तेव्हापासून. फोन ठेवून ते म्हणाले, "मी रविवारच्या गाडीनं जातो."

"त्या धुरात? डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टरले रोडगे भाजता येते का?"

गेले असते तर परत आले नसते, आणि तो खोकला घेऊन पुढचा उन्हाळा कसा गेला असता ते मला दिसत होतं. मी हट्टाला पेटले. म्हटलं, "बाबा, मी इथे रोडगे करून दाखवले तर थांबाल?"

त्यांनी टेबलाकडे पाहिलं. "त्या कंदिलात?" आणि इतके हसले की खोकल्याची उबळ आली.

शुक्रवारी मी शिकवते त्या शाळेतून लवकर आले आणि चार रोडगे वरच्या जाळीवर ठेवून दिवा पूर्ण तापवला. वीस मिनिटांत छान तांबूस झाले. मी ऐटीत ताट पुढे केलं. बाबांनी एक फोडला. आत कच्ची कणीक, दातांना चिकटणारी. अर्धा खाल्ला, पाणी प्यायले आणि ताट बाजूला सरकवलं. मी भांडी घासायला गेले तेव्हा डोळ्यांत पाणी होतं, आणि ते मला कुणाला दाखवायचं नव्हतं.

मागून आवाज आला, "अवं, एवढी धग वरून देतात का कधी? कणीक आण इकडं."

बाबा खुर्ची ओढून टेबलाजवळ बसले होते. पेटीच्या ओव्हनपुढे त्यांना वाकताच आलं नसतं, दोन मिनिटांत दम लागला असता. इथे खुर्चीत बसून सगळं समोर. त्यांनी नवे गोळे बांधले, मला खालची जाळी लावायला सांगितली आणि धग निम्म्यावर आणवली. "जाळ गेल्यावर निखारे राह्यतात ना, तेवढीच पायजे." थोड्या वेळाने दिवा विझला. बाबा दचकले. "लाईट गेली!"

"गेली नाही बाबा. आत पुरेसं तापलं की दिवा आपोआप बंद होतो. कमी झालं की परत लागतो."

ते बघत राहिले. दिवा लागला, गेला, लागला. मग म्हणाले, "म्हणजे मी काठीनं निखारे मागं ओढतो, तसं हे स्वतःच ओढते. हुशार हाये."

पण सवय जाईना. दर पाच मिनिटांनी झाकण उचलून रोडग्यावर बोटाचं पेर वाजवून बघायचे, आणि झाकण उचललं की सगळं बंद. मी रागावले. ते म्हणाले, "वाजवल्याशिवाय समजते कसं?" म्हटलं, "काच आहे ना. बघा." मग ते हनुवटीखाली हात घेऊन बसले. पंधरा-पंधरा मिनिटांनी चिमट्याने रोडगे उलटायचं काम माझं. एकदा ते हळूच म्हणाले, "पोरी, पन्नास वर्षं भाजले, पण रोडगा फुगताना आज पाहून राह्यलो. राखेत कुठं दिसते?" एका बाजूला तडा गेला आणि आतल्या पोळ्यांच्या कडा दिसू लागल्या, तेव्हा त्यांनी मला हात धरून दाखवलं.

त्या दिवशीचे बरे झाले. शनिवारचे त्याहून चांगले. शेवटची पाच मिनिटं धग वाढवायची हे त्यांनीच शोधलं. बाहेर काढले, पेर वाजवलं, आतून पोकळ आवाज आला. फोडला तर एकेक पदर सुटा. तुपात बुडवून पहिला घास त्यांनी घेतला. मी समोर उभी, परीक्षेच्या निकालाला उभी राहावी तशी.

"चौदा आणे," ते म्हणाले.

"दोन आणे कुठे गेले?"

"राखेचा वास नाही. तो काही तुया कंदिलाले जमत नाही."

खरंच होतं, मी वाद घातला नाही. आयुष्यात मला पुष्कळदा पैकीच्या पैकी मिळाले, पण त्या चौदा आण्यांनी फुगले तेवढी मी कधीच फुगले नाही.

संध्याकाळी त्यांनी मित्राला फोन लावला. कमी ऐकू येतं म्हणून फोन नेहमी मोठ्या आवाजावर, त्यामुळे सगळं मला ऐकू येत होतं. मित्र म्हणाला, "उद्या येतो ना बे? कोण भाजीन इथं?"

"उद्या तुमचं तुम्ही भाजा. मंगळवारी तू इकडं ये, पारावरच्या आणखी एखाद्यालेही घेऊन ये. मेहकरले गाडी बदलायची."

"लेकीच्या घरी कसं यावं बे जेवाले?"

बाबांनी टेबलावरच्या कंदिलाकडे पाहिलं. मी कणीक मळायची थांबले.

"लेकीच्या नाही बे. माह्या घरी ये. रोडगे मी भाजून राह्यलो."

मी पाठ फिरवली आणि उगाच नळ सोडला.

मंगळवारी सकाळी ते दारामागची पिशवी घेऊन आले. मला वाटलं, निघालेच. त्यांनी ती पलंगावर उलटी केली. दोन धोतरं, तीन सदरे, औषधांची पुडी. मग रिकामी पिशवी झटकून माझ्या हातात दिली.

"वांगे आण रोडग्यासंगं. काटेरी पाहून आण, चार-पाच जणांपुरते."