बटण माझ्या हातात, पण लाईट?

मंडळी, आज स्वतःवर हसावं की रडावं, कळंना.

घाटनांदूरला आमचं लाकूड कातायचं लेथ आहे. वेग बदलायला वडील पट्टा या पुलीवरून त्या पुलीवर टाकायचे. काल मी हौसेनं नवी मोटर आणि तिचा वेग बदलणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह बसवला. बटण फिरवलं की वेग कमी-जास्त! जुनी मोटर लगेच मेहुण्याच्या कडबाकुट्टीला देऊन टाकली.

आज गल्लीतल्या बारशासाठी पाळण्याचे चार खांब कातायला घेतले. तीन झाले. चौथा अर्ध्यावर असताना शेतीची लाईट आली. आमच्या डीपीवरचे, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवरचे, सगळे पंप एकदम सुरू झाले, व्होल्टेज पडलं आणि ड्राइव्ह बंद. पुन्हा लावला, पुन्हा बंद. जुनी मोटर कण्हत का होईना, फिरायची तरी.

वडील म्हणाले, "बटण तुझ्या हातात आलं, लई भारी. लाईट कुणाच्या हातात हाय?"

जुनी मोटर परत मागायला मेहुण्याला फोन केला. तो म्हणाला, "दाजी, मोटर वेल्डिंग करून बसवली. म्हशी कुट्टी खायल्यात बघा!"

तुमच्याकडं असं झाल्यावर काय करता? लवकर सांगा. बारसं उद्या सकाळी आहे, आणि तीन खांबांवर पाळणा उभा राहत नाही.