दुभाषा मीच होतो

नोकरीतल्या बऱ्याच घटना आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. ही एक मात्र अजून वेगळी उभी आहे. नावे कुणाचीच लिहिणार नाही. त्यातली काही माणसे आज हयात नाहीत, आणि जी आहेत त्यांना मी लिहिल्याने काही मिळणार नाही.

तेव्हा मी हैदराबादेत विद्यानगरच्या बाजूच्या एका ठाण्यात इन्स्पेक्टर होतो. परदेशी मालाच्या जाहिराती दुकानांवर नुकत्याच झळकू लागल्या होत्या आणि विद्यापीठाच्या रस्त्याला दर चार घरांआड संगणकाचा वर्ग निघत होता. एके दिवशी सकाळी इस्पितळातून खबर आली. बावीस वर्षांची विवाहिता, स्टोव्हचा भडका उडून भाजली. नवऱ्याच्या सांगण्यावरून अपघात अशी नोंद झाली. अशा नोंदी आमच्याकडे इतक्या होत की लिहिणाऱ्याचा हात थांबत नसे.

तासाभराने फोन आला. रस्त्यावरच्या बूथवरून एक बाई बोलत होती.

"साब, स्टो भड़का बोलको लिखे न आप? वो घर में दो साल से गैस है."

"आप कौन बोल रहे?"

"नाम लेको क्या करते? जाको देखो."

फोन ठेवला गेला. ही बाई पुढे कधीच सापडली नाही.

मी पंच घेऊन त्या घरी गेलो. स्वयंपाकघरात स्टोव्ह होता. टाकी कोरडी, बर्नरवर कोळ्याचे जाळे. शेजारी गॅसच्या शेगडीवर चहाचे भांडे. पंचनामा चालू असताना सासूने मला खुर्ची दिली, चहा आणला. घर मराठी, तीन पिढ्या हैदराबादेतले.

"साहेब, तुम्ही आपल्यातलेच. गौलीगुड्याचे ना? तुमच्या आई हळदीकुंकवाला यायच्या आमच्याकडे."

"स्टोव्ह कुणी पेटवला?"

"तिनंच. खेड्यातली पोर, गॅसला भ्यायची."

"दोन वर्षं भ्यायची?"

"आता गेलेल्या माणसाचं काय बोलायचं, साहेब."

"ती जिवंत आहे, बाई."

तिने हातातली बशी खाली ठेवली. त्यानंतर ती माझ्याशी मराठीत बोलली नाही, वकील येईपर्यंत मुळी बोललीच नाही.

नवऱ्याला ठाण्यात बसवले. त्याच्या दोन्ही तळव्यांना पट्ट्या होत्या.

"हात कशानं भाजले?"

"विझवताना."

"आणि लावली कुणी?"

तो रडू लागला आणि सांगत गेला. त्याला संगणकाचा वर्ग काढायचा होता. सासऱ्याने गावाकडचे घर विकून मदत करावी, असा मायलेकांचा हट्ट होता. सासरे प्राथमिक शाळेतले निवृत्त शिक्षक. राहते घर विकणार नाही, असे त्यांचे पत्र आदल्या दिवशी आले होते. त्या सकाळी आईने रॉकेल ओतले, त्याने काडी ओढली. मी ते लिहून घेतले, पण पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा ठरत नाही, हे आम्हा दोघांपैकी मलाच ठाऊक होते. सगळे त्या मुलीच्या जबाबावर होते.

दुपारी मॅजिस्ट्रेट इस्पितळात आले. मुलगी शुद्धीवर आहे आणि बोलू शकते, असे डॉक्टरांनी लिहून दिले. पुढे काय होईल सांगता येत नाही, असेही तोंडी सांगितले. मुलगी नांदेडकडची. सासरी तिला उंबऱ्याबाहेर फारसे जाऊ देत नसत, त्यामुळे तेलुगू नाही, उर्दूही तुटपुंजी. मॅजिस्ट्रेटना मराठी येत नव्हती. माझ्या हेडकॉन्स्टेबलने मला पडद्यामागे ओढले. माणूस जुना, कोर्टांची उन्हे खाल्लेला.

"साब, आप नक्को बोलो. बच्चों के वार्ड में एक मराठी सिस्टर है. दस मिनट में लाता मैं."

"दस मिनट है क्या उसके पास?"

"केस की तफ्तीश आप करते, जबान बी आपकी. वकील छोड़ता क्या?"

त्याचे बरोबर होते. जबाब घेताना तपास अधिकाऱ्याने तिथे थांबूसुद्धा नये. पण मी आधी खाटेपाशी जाऊन "बाळ, ऐकू येतंय का?" असे विचारून बसलो होतो. तिने डोळे वळवले होते. "तुम्ही मराठी?" एवढेच ती म्हणाली होती. त्यानंतर तिथून हलायला माझे मन तयार होईना. मॅजिस्ट्रेटनाही घाई होती. ती मराठीत बोलली, मी उर्दूत सांगत गेलो, त्यांनी तेलुगूत लिहिले. सासूने रॉकेल ओतले, नवऱ्याने काडी लावली. तिच्या अंगठ्याचा ठसा घेता येण्यासारखा नव्हता. पायाच्या अंगठ्याचा घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

खटला उभा राहायला तीन वर्षे लागली. शेजारी फितूर झाले. पंचांपैकी एक दुबईला गेला होता. उलटतपासणीत बचावाच्या वकिलांनी मला दीड तास उभे केले.

"मयत जे बोलली ते तुम्ही शब्दशः सांगितलंत?"

"होय."

"आरोपीचे तळवे कसे भाजले?"

"काडी लावताना."

"दोन्ही? पूर्ण?" ते हसले. "एका काडीनं फारच मोठं काम केलं म्हणायचं."

निकालपत्र मी तीनदा वाचले. न्यायाधीशांचे म्हणणे असे की आरोपीच्या हातांच्या जखमा आग विझवताना होतात तशा आहेत. जबाबात मात्र विझवण्याचा उल्लेखच नाही. दुभाषा तपास अधिकारीच. तेव्हा हा जबाब मयताचा किती आणि पोलिसांचा किती, हे सांगता येत नाही. दोघे निर्दोष सुटले. तिथल्या मराठी मंडळातली माणसे त्यांच्यासाठी हार घेऊन आली होती.

मुलीचे वडील प्रत्येक तारखेला नांदेडहून येत. त्या दिवशी ते कोर्टाच्या आवारातल्या बाकावर बसून होते. मी जवळ गेलो.

"साहेब, निकाल इंग्रजीत आहे. जबाब तेलुगूत. माझी मुलगी मराठीत बोलली असेल ना?"

"हो, मास्तर."

"ते कुठं लिहिलेलं आहे का?"

कुठेच नव्हते. जगात ते फक्त माझ्या डोक्यात होते. त्यांनी पिशवीतून वही काढली, शाळेतल्यासारखी समास आखलेली. मी लिहू लागलो. सासूबाईंनी रॉकेल ओतलं. ह्यांनी काडी ओढली. मग मी ओरडले. पुढचे वाक्य लिहिताना मी थांबलो, पण लिहिले. मग ह्यांनीच घोंगडी टाकली माझ्या अंगावर, हातांनी विझवत होते, रडत होते.

मास्तरांनी ते वाचले. पुन्हा वाचले.

"हे तुम्ही त्या मॅजिस्ट्रेटसाहेबांना सांगितलं होतं?"

"नाही."

"का?"

"त्यानं विझवलं म्हटलं तर सुटेल, असं वाटलं."

त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. आवाज चढवला नाही. वर्गात चुकलेल्या मुलाला विचारावे तसे विचारले, "हात भाजल्याचं कारण तिनं आपण होऊन सांगितलं होतं. मग तिच्यावर कोर्टानं विश्वास नसता ठेवला का हो?"

ठेवला असता. ती दोन्ही सांगत होती, ज्याने पेटवले त्याचे आणि ज्याने विझवले त्याचे, आणि तो एकच माणूस होता. जखमा तिच्या बोलण्याशी तंतोतंत जुळत होत्या. मी तिच्या बाजूने उभा राहिलो आणि तिलाच खोटे पाडले. कायद्याला नावे ठेवायला मला जागा उरली नाही, आणि तेच अधिक झोंबते. न्यायाधीशांना जी शंका आली ती खरी होती.

मास्तरांनी वही पिशवीत ठेवली, बसची वेळ विचारली आणि गेले. पुन्हा भेट झाली नाही.

पुढे ठाण्यात आलेल्या नव्या फौजदारांना मी एक गोष्ट बजावत असे. जबाब देणाऱ्याच्या तोंडून आपल्याला नको असलेले वाक्य आले, की ते आधी लिहायचे. काही जण विचारत, का साहेब? मी म्हणत असे, कामाची सवय म्हणून.