वनजाकाकूंनी न पाहिलेलं बंगळूर

"आमच्या हिनं बंगळूर तीस वेळा बघितलंय," असं दत्तोजीराव चारचौघांत सांगतात. साफ खोटं. वनजाकाकू तीस वेळा बंगळूरला गेल्यात, एवढंच खरं. बारशाला, मुंजीला, लग्नाला, तेराव्याला. गाडीतून उतरायचं, रिक्षात बसायचं, कुणाच्या तरी स्वयंपाकघरात शिरून पदर खोचायचा आणि दुसऱ्या दिवशी परत स्टेशन गाठायचं. याला शहर पाहणं म्हणत असतील, तर हळदीकुंकवाच्या तबकानंही अख्खं गाव पाहिलंय म्हणायचं.

मी तारा, मूळची सांगलीची. नवऱ्याच्या नोकरीपायी म्हैसूरला आले त्याला बारा वर्षं झाली, आणि बाराही वर्षं गोकुलममध्ये यांच्याच वरच्या मजल्यावर भाड्यानं राहते. घर जुन्या मराठ्यांचं. दत्तोजीरावांचे पूर्वज म्हैसूरच्या घोडदळात होते, हे ते नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगतात. स्वतः ते मेटगळ्ळीच्या कारखान्यात फिटर होते, आता निवृत्त आहेत. घोडा गेला, ऐट राहिली. माणूस वाईट नाही, उलट चांगलाच आहे, आणि त्याचाच मला जास्त संताप येतो. वाईट माणसाशी निदान भांडता तरी येतं.

वनजाकाकू सकाळी योग शिकायला आलेल्या परदेशी पोरापोरींना नाश्ता करून घालतात. इडली, उपीट, कधी अक्की रोटी. गेली वीस वर्षं त्या टेबलावर जगभरच्या लोकांच्या सहली ठरतायत, आणि ठरवतात कोण, तर वनजाकाकू. हंपीची बस किती वाजता, कुठल्या बाजूला बसलं की ऊन लागत नाही, कुर्गला कुठल्या महिन्यात जळवा असतात, सगळं तोंडपाठ. स्वतः हंपी पाहिलेली नाही. कुर्गही नाही. दसऱ्याला घरात पंधरा पाहुणे उतरतात, ते मिरवणूक बघायला जातात आणि काकू त्यांच्यासाठी पुऱ्या लाटतात. सासरी येऊन छत्तीस वर्षं झाली.

यंदा जुलैत त्या जिना चढून वर आल्या. हातात वहीचं पान होतं.

"तारा, पंधरा ऑगस्ट शनिवारी येतोय. रविवार धरून दोन दिवस. बंगळूर बघून येतो म्हणते. सगळे मिळून. काम नाही, लग्न नाही, सुम्मने. नुसतं बघायला."

पान मी वाचलं. परदेशी पोरांना देतात तसंच नीट लिहिलेलं. शनिवारी पहाटेची गाडी. मेट्रोनं विधानसौध, मग कब्बन पार्क. रात्री मॅजेस्टिकजवळ लॉज. रविवारी सकाळी सात वाजता, गर्दी व्हायच्या आत, लालबागेतला फ्लॉवर शो. त्याच्याखाली दोन रेघा ओढलेल्या. तिथल्या काचघरात फुलांचे अख्खे महाल उभे करतात, हे त्यांनी दर ऑगस्टला पेपरात पाहिलेलं होतं. "बाकी काय चुकलं तरी चालेल," त्या म्हणाल्या, "हे एक पाहिजे मला." या बाईच्या तोंडून 'मला पाहिजे' मी बारा वर्षांत ऐकलं नव्हतं, आणि घरच्यांनी छत्तीस वर्षांत ऐकलं नसावं.

मी त्याच दुपारी पाच तिकिटं काढली. काकू, दत्तोजीराव, मुलगा रक्षित, सून चंदना आणि आठ वर्षांची नात यशस्विनी. लॉजच्या दोन खोल्याही घेतल्या.

ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी दुपारी काकूंनी मला खाली बोलावलं. तिकिटांचे कागद घेऊन गेले, तर टेबलाशी दत्तोजीराव चष्मा लावून बसलेले, हातात पेन, समोर ते वहीचं पान.

"या तारम्मा, बसा. हे लॉज तेवढं काढून टाका. बहिणीचं घर असताना लॉज? लोक तोंडात शेण घालतील की!"

त्यांनी लॉजवर काट मारली आणि तिथे 'कमलिनीअक्का' लिहिलं. ही त्यांची थोरली बहीण, चाळीस वर्षं बंगळूरला. "आता अक्काकडं गेलो म्हणून मानाजीरावाला कळणारच. चुलतभाऊ हो, वाईट वाटतं. मग शनिवारी दुपारचा ऊटा, जेवण हो, त्याच्याकडं." विधानसौध गेलं. "मानाजीरावाकडं गेलो मग त्याच्या व्याह्याकडं नको?" कब्बन पार्क गेलं. या घराण्यांत गावात येऊन एकाकडे गेलात आणि दुसऱ्याकडे नाही, तर तो अपमान तीन पिढ्या लक्षात राहतो. आणि नुसतं जाऊन भागत नाही. जेवायचं, नको म्हणायचं, पुन्हा वाढून घ्यायचं, ओटी घ्यायची, ओटी द्यायची. प्रत्येक घरी द्यायला मैसूरपाक, विड्याची पानं, नंजनगूडची केळी. दत्तोजीरावांनी सात घरं लिहिली.

"आणि लालबाग?" काकूंनी विचारलं.

"रविवारी जमलं तर बघू की. फुलं काय, आपल्या कंपाउंडात नाहीत?"

आणि त्यांनी दोन रेघांवर तिसरी रेघ मारली.  आवाजात जरासुद्धा राग नव्हता. इतक्या प्रेमानं एखाद्याच्या तोंडचा घास काढून घेता येतो, हे मी त्या दिवशी पाहिलं. रक्षित मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला. आईच्या बाजूनं एक शब्द? नाव नको. चंदनानं नवऱ्याला कोपरानं ढोसलं, त्यानं "हां, बघू की अप्पा" एवढं पुटपुटलं. मी तोंड उघडणार होते. भाडेकरू असले तरी गप्प बसायचा माझा स्वभाव नाही.

पण काकूंनी माझ्या हातावर हात ठेवला.  मला वाटलं, रडतायत. रडत नव्हत्या. चेहरा लालबुंद झाला होता.

"पान द्या इकडं," त्या म्हणाल्या. पान घेतलं, फोन उचलला, स्पीकर लावला आणि टेबलाच्या मधोमध ठेवला.

पहिला फोन मानाजीरावांना. "भावजी, आमी शनिवारी बंगळूरला येतो. तुमच्याकडं येत नाही. फिरायला येतो. मागनं कळायला नको म्हणून आधी सांगते."

 पलीकडून, "बरं बरं. मोठे झाले आता तुमी." आणि फोन बंद.

दत्तोजीराव उभेच राहिले. "वेड लागलं काय तुला? असं कोण सांगतं? जायचं नसलं तर गुपचूप जातात!"

"चोरासारखं?" काकूंचा आवाज मी कधी इतका चढलेला ऐकला नव्हता. "छत्तीस वर्षं तुमच्या माणसांना वाढलं. एक सकाळ मागितली मी, एक! तीबी चोरून बघू? बसा खाली."

ते बसले. यशस्विनीनं आपला डब्यातला मैसूरपाकाचा तुकडा हळूच आजीपुढे सरकवला. काकूंनी तिकडे पाहिलंही नाही. पुढचा नंबर कमलिनीअक्कांचा होता. इथे मात्र त्यांचं बोट क्षणभर थांबलं. ही खरी नणंद, आणि बंगळूरच्या तीसही खेपांना मुक्काम हिच्याच घरी झालेला. मग दाबलंच.

"वन्सं, मी वनजा. शनिवारी आमी येतोय, पण तुमच्याकडं उतरत नाही. लॉजात राहतो. रविवारी सकाळी लालबाग बघणार, फ्लॉवर शो. राग आला तर येऊ दे. तुमच्याकडं आलं की दिवस तिथंच जातो, म्हणून येत नाही."

 दत्तोजीराव कपाळाला हात लावून बसलेले.

"किती वाजता?" अक्कांनी विचारलं.

"काय?"

"लालबागेत. किती वाजता जाणार?"

"सातला."

"मी येऊ काय ग?" अक्का म्हणाल्या. "फ्लॉवर शो आला की दर वर्षी माझ्या घरात आठ-दहा माणसं. ती बघून येतात, आणि मी जेवण करून ठेवते. काचघर आत कसं असतं म्हणून मला ठाऊक नाही. यंदाबी तुमकूरहून नऊ जण येणार. येऊ देत. किल्ली शेजारी ठेवते."

काकूंनी फोनवर तळहात झाकला आणि माझ्याकडे पाहिलं. तो राग आता दुसऱ्या कुणावर नव्हता.

"तीस वेळा तिच्या हातचं जेवले ग तारा. एकदा तरी म्हणले काय, चला वन्सं, म्हणून? मी कोणाला नावं ठेवते?"

"अक्काच आली," दत्तोजीराव अगदी मनापासून म्हणाले, "तर मग आपला ऊटा कोण करणार?"

 काकूंनी तळहात काढला.

"वन्सं, सातला गेटापाशी. आणि ऐका, शनिवारी रात्री कुणासाठीही काही भिजत घालू नका."