जिभेकडे कोणी पाहिलं नाही

माझी मोठी जाऊ, तिला मी बाई म्हणायची. बाभुळगावकडच्या आमच्या गावात कापूस वेचण्यात तिचा हात धरणारी दुसरी नव्हती. तिच्या ओटीतल्या कापसात पाल्याचा कण सापडायचा नाही. भासरे, म्हणजे तिचा नवरा, काविळीनं गेले, तेव्हा तिनं एका पंथाचा उपदेश घेतला आणि मटण, अंडी सगळं सोडलं. पुढं कापसाचे दिवस वाईट आले. बोंडात अळी, बाजारात भाव नाही. गोठ्यातली गाय गेली. मग घरात चहाही काळाच व्हायचा. भाकर, वरण, चटणी. पोट भरायचं, म्हणून कोणाच्या मनात काही आलं नाही.

आधी ती गप्प झाली. मग ओटीत कच्ची हिरवी बोंडं येऊ लागली. वरणात दोनदा मीठ.

आता तुम्हाला त्या वर्षांचं सांगितलं पाहिजे. आमच्याकडे तेव्हा माणूस गप्प झालं की लोकांच्या काळजात धस्स व्हायचं. गप्प बसणारं माणूस एखाद्या सकाळी उठायचंच नाही. त्यामुळे बाई गप्प झाली तशी घरानं पाळत सुरू केली. फवारणीचे डबे शेजारी नेऊन ठेवले. तिच्या खोलीची आतली कडी काढून टाकली. विहिरीकडे एकटं जायचं नाही. परसाकडे निघाली तरी आमच्यापैकी एक मागं. तिला राग यायचा.

"काहून वो, माह्या मागं मागं काहून येऊन राह्यली? तुयावाला सोन्याचा हार नेला का म्या?"

"मले तरी कोठी हाये हार, बाई!"

"मंग जाय ना घरी."

एकदा शेतातून येताना तिची एक चप्पल धुऱ्यावर, शेताच्या बांधावरच राहिली. मी मागून हाक मारली, "बाई, तुमची चप्पल!" तिनं खाली न पाहताच म्हटलं, "हाये की पायात." नव्हती. काट्याकुट्यातून ती तशीच चालली होती. घरी सांगितलं तर सगळे हसले. जेवताना म्हणायची, जीभ भाजते. आम्ही तिखट कमी केलं, आणि विषय संपला. दुःखी माणसांना धीर द्यायला गावात एक गाडी यायची. गाडीतल्या लोकांनी झोप विचारली, भूक विचारली, गोळ्या दिल्या. बाई दिवसभर झोपू लागली. आम्हाला बरंच वाटलं. झोपलेलं माणूस जिवाचं बरंवाईट करत नाही ना!

मग ती अंगणात पडली आणि मनगट मोडलं. मी आणि तिचा मुलगा तिला यवतमाळला घेऊन गेलो. डॉक्टरांनी हात बांधला, आणि सहज म्हणाले, "आजी, जीभ दाखवा." जीभ लालभडक आणि गुळगुळीत. एक लोखंडी चिमटा वाजवून, तो थरथरत असतानाच त्यांनी तिच्या पायाच्या अंगठ्याला लावला.

"काही गुणगुणतंय का?"

"अंगठा कायले गुणगुणन, डॉक्टर?"

रक्त तपासलं. दूध, दही, अंडी काय खाते ते विचारलं. मग त्यांनी सांगितलं की बी बारा नावाचं व्हिटॅमिन अंगात उरलेलं नाही. ते भाकरीत नसतं, डाळ-भाजीत नसतं. अंगातला साठा काही वर्षं पुरतो. तो सरला की रक्त कमी होतं, पायांच्या शिरा बधिर होतात, आणि हळूहळू डोकं जातं.

मुलगा म्हणाला, "म्हंजे हे टेंशन नोहोय?"

"टेंशन असेल, नसेल. पण हे नक्की आहे. सुया देऊ. गेलेलं सगळं परत येईल असं मात्र सांगत नाही. म्हातारपणाचा विसर यात मिसळला असेल, तर त्याला ही सुई लागू पडत नाही."

बाई परत येईल का, एवढाच घोर तेव्हा घरात होता. आधी पाय आले. "माती लागून राह्यली वो पायाले," असं ती एका सकाळी म्हणाली आणि अंगणात उगाच फिरत राहिली. त्या हिवाळ्यात ती अर्धी परत आली. लेकीचं नाव ध्यानात आलं. मुलाचं लग्न मात्र आलं नाही. एका दुपारी तूर निवडता निवडता तिनं विचारलं, "मले तवा एकटं काहून सोडत नव्हते तुमी?"

खोटं बोलवलं नाही. "तुमी फवारणीचं औषध पेसान, असं भेव वाटे आमाले."

ती हसत सुटली. "अवो, डबा कोठी ठेवला हे तरी याद राह्यलं असतं का मले?" मीही हसले. मग ती थांबली. "डोकं जाऊन राह्यलं होतं माहं. अन् तुमी विहीर राखून राह्यल्या."

मी तूर निवडत बसले.

म्हातारं माणूस गप्प झालं की मी आता पोरीबाळींना सांगते, त्याचं दुःख विचारा, पण त्याची जीभही पाहा, ताटही पाहा. त्या ऐकून घेतात.

पुढच्या वर्षी लेकीचं नावही गेलं. सुया चालूच होत्या. सुई द्यायला येणारी नर्सबाई म्हणायची, रक्त आता चांगलं आहे. खरंच चांगलं होतं. पाय ठणठणीत, अंगावर तजेला. मी चहा घेऊन गेले की बाई पदर सावरून मला बसायला जागा करायची. "या, बसा. कोनाच्या घरच्या वो तुमी?" मी बसायची, आणि दर वेळी नीट सांगायची.