उघड्या डोक्याचा तास

माझ्या मुलाचं डोकं एका बाजूने चपटं होतं. आज मी हे सहज लिहिते, पण त्या हिवाळ्यात ॲन आर्बरच्या आमच्या घरात हा शब्द कोणी उच्चारत नसे. नवरा म्हणायचा, 'थोडंसं ॲसिमेट्रिकल.' सासूबाई म्हणायच्या, 'झोपण्याची सवय.' मी चपटं म्हणायचे, कारण ते चपटं होतं.

त्याच्या मानेचा एक स्नायू जन्मापासून आखडलेला होता. मान कायम उजवीकडे, त्यामुळे डोक्याची तीच बाजू दबत गेली. इथल्या बायका तेव्हा बाळांना पालथं झोपवायच्या. आमच्याकडे ते कोणालाच पटेना. बाळ उताणंच झोपणार, आणि डोक्याखाली मोहरीची उशी. मी कामावर परत रुजू झाले तेव्हा बाळाला सांभाळायला सासूबाई सांगलीहून आल्या, आणि त्यांच्याबरोबर ती उशीही आली. विमानतळावर कस्टमवाल्याने नवऱ्याला आत बोलावून घेतलं, आणि तिच्यात काय भरलंय हे समजावताना त्याची त्रेधा उडाली होती. मग मानेचे व्यायाम झाले, उशी झाली, सासूबाईंचं रोजचं मालिश झालं. तळवा गोल फिरवून फिरवून त्यांनी त्या डोक्याला आकार द्यायचा प्रयत्न केला. मान सुटली. डोकं होतं तसंच राहिलं.

शेवटी डॉक्टरांनी हेल्मेट सुचवलं. प्रकार तेव्हा नवा होता, त्यांनी स्वतःही मोजक्याच बाळांना दिला होता. हॉस्पिटलच्या तळघरात पाठीचे नि पायाचे पट्टे बनवणारं एक छोटं वर्कशॉप होतं. तिथल्या दाढीवाल्या माणसाने बाळाच्या डोक्याचा प्लास्टरचा साचा घेतला. बाळ जे रडलं ते रडलं, सासूबाई बाहेर बाकावर बसून रडल्या. काही दिवसांनी हेल्मेट हातात आलं. बाहेरून पांढरं कडक प्लास्टिक, आत फोम, कानाजवळ पट्टा. चपट्या बाजूला आत थोडी मोकळी जागा ठेवलेली, म्हणजे डोकं वाढताना त्या बाजूने भरत जाईल. रात्रंदिवस घालायचं, फक्त एक तास काढायचं. त्या तासात आंघोळ, हेल्मेटची धुलाई आणि डोक्याला हवा.

'वर्षाचा होईपर्यंत काय ते होईल,' डॉक्टर म्हणाले. 'नंतर कवटी घट्ट होत जाते. मग हेल्मेटचा फारसा उपयोग नाही.'

तो तेव्हा सहा महिन्यांचा होता. म्हणजे जो काही वेळ होता तो एवढाच. मी त्याच संध्याकाळी घरात जाहीर केलं की हे हेल्मेट काही झालं तरी निघणार नाही, आणि डोक्याचं मालिशही आजपासून बंद. सासूबाईंनी मान डोलावली. नवरा म्हणाला, 'येस, बॉस.' त्याला हे गमतीचं वाटत होतं. मला वाटत नव्हतं.

लोकांच्या नजरा मी आधीच गृहीत धरल्या होत्या. दुकानात बायका हळूच विचारायच्या, मेंदूचं ऑपरेशन झालं का. आपल्या मराठी मंडळींच्या पॉटलकला, म्हणजे ज्याने त्याने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, एका काकूंनी त्याच्या हेल्मेटवर टिचकी मारून बघितली आणि म्हणाल्या, 'काय गं, मोटारसायकल घेऊन दिलीस का याला?' मी म्हटलं, 'हो काकू, तुम्हाला सोडायला येईल घरी.' पुन्हा कोणी टिचकी मारली नाही.

पुरळ मात्र मी गृहीत धरलं नव्हतं. आधी कपाळाच्या कडेला बारीक लाल ठिपके आले. मग कानामागे चट्टा उठला, दोन दिवसांत तो ओलसर झाला, आणि हेल्मेट काढलं की एक आंबूस वास यायला लागला. बाळ हात वर नेऊन प्लास्टिकवर ओरखडे काढायचं. आत खाजतंय आणि खाजवता येत नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसायचं.

मी युनिव्हर्सिटीच्या एका प्रयोगशाळेत काम करायचे. काही बिघडलं की एकेक गोष्ट बदलून बघायची, एवढं मला येत होतं. कपड्यांचा साबण बदलला. बाळाचा साबण बदलला. हेल्मेट आतून स्पिरिटने पुसून पूर्ण वाळल्याशिवाय घालायचं नाही, असा नियम केला. उशीचा अभ्रा रोज उकळला. चट्टा जागच्या जागी होता.

पुन्हा त्या दाढीवाल्याकडे गेलो. त्याने कानाजवळचा फोम थोडा तासून दिला, मग चट्ट्याकडे बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, हे दाबामुळे आलेलं दिसत नाही, घामोळ्यासारखं दिसतंय. उन्हाळ्यात समजू शकतो, पण आत्ता? बाहेर कंबरभर बर्फ साचलेलं होतं.

'डोक्याला काही लावता का? तेल, लोशन, पावडर?'

'काही नाही,' मी म्हटलं.

सासूबाईंनी मला विचारलं, 'काय म्हणतोय?' मी सांगितलं. त्या त्याच्याकडे बघून ठामपणे म्हणाल्या, 'नो, नो.' आणि मला म्हणाल्या, 'मालिश तर केव्हाच बंद केलंय, सांग त्याला.' आम्ही दोघीही अगदी खरं बोलत होतो.

त्या आठवड्यात डॉक्टरांनी त्वचा तपासली आणि त्यांचा चेहरा बदलला. चट्टा चिघळला तर इन्फेक्शन होईल. आठवडाभर बघू, सुधारलं नाही तर हेल्मेट बंद करावं लागेल. बंद करून पुन्हा घालता येईल का, असं मी विचारलं. ते म्हणाले की या वयात डोकं भराभर वाढतं, काही आठवडे बाहेर राहिलं तर हे हेल्मेट बसणार नाही, आणि नवीन साचा घेऊन तयार होईपर्यंत उशीर झालेला असेल.

गाडीत नवरा म्हणाला, 'यार, सोडून देऊ या ना. केस आले की कोणाला काही दिसणार नाही.'

'आणि केस गेल्यावर? तुमच्या घराण्यात चाळिशीत सगळ्यांचं माळरान होतं.'

तो हसला. मला हसू आलं नाही. मला तेव्हा भयंकर राग आला होता, आणि तो कोणावर काढायचा हेच कळत नव्हतं. पोरगं मागच्या सीटवर हेल्मेट काचेवर आपटत होतं. मी मनाशी म्हटलं, आठवडा तर आठवडा, पण हेल्मेट निघणार नाही.

दोन दिवसांनी इतकं बर्फ पडलं की युनिव्हर्सिटीच बंद राहिली. त्यामुळे तो तास मी पहिल्यांदा घरी बसून पाहिला. एरवी तो दुपारी व्हायचा, मी कामावर असताना, आणि सुटीच्या दिवशी मी बाहेरची कामं उरकायला गेलेली असताना.

सासूबाईंनी हेल्मेट काढलं. बाळाला आंघोळ घातली, मऊ पंच्याने टिपलं. मग कापसाचा एक बोळा खोबरेल तेलात बुडवून त्याच्या टाळूवर ठेवला, हळूहळू जिरवला. टाळू भरून झाल्यावर त्याला सुती टोपडं घातलं, हनुवटीखाली बंद बांधले. त्यावर लोकरीचं टोपडं. मग दुपट्यात गुंडाळून हीटरची गरम हवा येणाऱ्या झडपेजवळ मांडीवर घेतलं. घर असं तापलेलं की मी अर्ध्या बाह्यांच्या ब्लाउजवर बसले होते. सासूबाईंना थंडी सोसत नसे, म्हणून आम्हीच हीटर चढवून ठेवलेला. बाळ गाढ झोपलं. तास संपला तशी त्यांनी टोपडी काढली, डोकं पदराने पुसलं आणि धुतलेलं, स्वच्छ, कोरडं हेल्मेट चढवलं.

हे सगळं मी चहा पीत बघत होते आणि मला त्यात काहीही वावगं दिसलं नाही. आंघोळ झालेलं बाळ म्हणजे टाळू भरलेली आणि टोपडं बांधलेलं, मी जन्मात दुसऱ्या प्रकारचं बघितलेलंच नव्हतं. टाळू भरणं म्हणजे डोक्याला काही 'लावणं' आहे, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. सासूबाईंच्या मांडीवरचं टोपडं उचलून ठेवायला गेले तेव्हा ते हाताला ओलं लागलं. पिळता आलं असतं.

'आई, हे टोपडं घालू नका त्याला.'

'मग काय बोडकं ठेवू?'

'हो. तेलही नको. त्या एका तासात डोक्याला हवा लागायला पाहिजे. तेल, घाम, वर टोपडं, आणि लगेच हेल्मेट. सडेल नाही तर काय होईल!'

सडेल हा शब्द मी वापरायला नको होता. त्यांचं तोंड एवढंसं झालं.

'तुझ्या नवऱ्याची टाळू मी वर्षभर भरली,' त्या म्हणाल्या. 'त्याचं काही सडलं नाही.'

'त्याला हेल्मेट नव्हतं!'

'या बर्फात टाळूत वारं शिरलं तर? डॉक्टर येणार आहे का निस्तरायला?'

माझा आवाज चढला. मी हेल्मेट, कवटी, आठवड्याची मुदत, सगळं एका दमात ऐकवलं. त्या ऐकून घेत होत्या आणि बाळाच्या पाठीवर हात फिरवत होत्या. मी थांबल्यावर त्या अगदी हळू म्हणाल्या, 'मला त्याची टाळू उडताना दिसते गं. धपधप करते. उघडी बघवत नाही मला.'

माझं पुढचं वाक्य तयार होतं, ते मी गिळलं. कारण मलाही ती बघवत नसे. हेल्मेट येण्याआधी आंघोळ घालताना मी तिथून नजर काढून घ्यायचे. त्या विरळ जावळाखाली कातडी वरखाली होते आणि तिच्याखाली हाड नाही, हे मला ठाऊक होतं. मला एकदम त्यांची दया आली, आणि माझीही.

'मलाही भीती वाटते, आई,' मी म्हटलं. 'पण हेल्मेट सुटलं तर ते परत नाही येणार.'

दुसऱ्या दिवशीही रस्ते बंद होते. दुपारी त्यांनी स्वतःच हेल्मेट काढलं, आंघोळ घातली, पंच्याने डोकं टिपलं. तेलाची वाटी ओट्यावरच राहिली. मग आतून आपले दोन स्वेटर, शाल आणि माझ्या नवऱ्याचे जाड मोजे आणून सगळं अंगावर चढवलं आणि मला हुकूम सोडला, 'तो हीटर खाली कर. मी घालते दोन-दोन, त्याला कशाला घाम?' खिडकीकडे पाठ करून त्या खुर्चीवर बसल्या, म्हणजे फटीतून वारं आलं तर आधी त्यांना लागेल. बाळाला समोर मांडीवर घेतलं, उघड्या डोक्याने. आणि आपला उजवा तळवा त्याच्या टाळूवर वीतभर उंच धरला. टेकवला नाही. हात भरून आला की डावा धरायच्या. नजर हलवली नाही. तास भरेपर्यंत त्या उडणाऱ्या टाळूकडे बघत बसल्या.

मी कामावर जायला लागले तरी हे असंच रोज चालू राहिलं. नवरा एकदा म्हणाला, 'आई, हात दुखेल, ठेव खाली.' त्यांनी त्याला असा काही झाडला की तो गुपचूप गाडीवरचं बर्फ काढायला गेला.

आठवडा संपला तेव्हा कानामागचा चट्टा कोरडा पडला होता. कपाळावरचे ठिपके फिके झाले होते. डॉक्टरांनी बोटाने दाबून बघितलं, वाकून वास घेतला आणि म्हणाले, 'चालू ठेवा.' मला तिथे त्या खोलीतच रडू फुटलं. सासूबाईंना वाटलं, काहीतरी वाईट सांगितलं. त्यांना समजावून सांगितल्यावर त्यांनी दोन्ही हात डॉक्टरांना जोडले, आणि डॉक्टरही गोंधळून हात जोडून उभे राहिले.

त्यानंतर पुरळ पुन्हा एकदा उठलं, मार्चमध्ये, एका अचानक उबदार दिवशी. या वेळी मी घरी पोचायच्या आत सासूबाईंनी बाळाचे कपडे कमी केले होते, हेल्मेट पुन्हा पुसून वाळवलं होतं आणि मला फोनवर विचारलं होतं, 'साबण बदलू का, का दोन दिवस थांबू?' प्रयोगशाळेत मी हसले. माझ्याच तोंडचे प्रश्न मला विचारले जात होते.

एप्रिलमध्ये त्यांची परतीची तारीख आली. मुदतवाढ आधीच एकदा झाली होती, दुसरी मिळाली नाही. हेल्मेटचे अजून काही आठवडे बाकी होते. डोकं बऱ्यापैकी गोल होत आलं होतं, पण ते पूर्ण झालेलं त्या बघणार नव्हत्या. हेल्मेट आल्यापासून नातवाचं उघडं डोकं त्यांना रोजचा एक तास मिळालं होतं, आणि तोही भीतीत गेला होता. डेट्रॉइटच्या विमानतळावर तेव्हा सोडायला आलेल्यांनाही विमानाच्या दारापर्यंत जाऊ देत, तिथवर आम्ही गेलो. त्यांनी बाळाला घेतलं, गालाला गाल लावला, तर मध्ये प्लास्टिकची कड आली. त्यांनी मान थोडी तिरपी केली आणि तसाच त्याचा मुका घेतला.

मला ते सहन झालं नाही. सगळ्या हिवाळ्यात मी तासाच्या वर मिनिट दिलं नव्हतं, पण मी पुढे झाले आणि त्याच्या कानाजवळचा पट्टा सोडला. म्हटलं, 'आई, डोक्यावर हात ठेवा एकदा. नीट ठेवा. काही होत नाही.'

त्यांनी माझा हात धरला.

'राहू दे,' त्या म्हणाल्या. 'त्याचा आजचा तास सकाळीच झालाय. आणि हे बघ, मी गेले म्हणून तू ढिली पडू नकोस.'

मी पट्टा परत लावला.