अस्वलाच्या हातातले फूल

भाजल्या वांग्याचा वास आला, की मी मनाने धुळ्याला देवपुरातल्या आत्याच्या घरी, लहानपणीच्या टीव्हीसमोर जाऊन बसते. कार्टूनमधल्या अस्वलाने अस्वलिणीला फूल दिले, तेव्हा गोड संगीत वाजले. पुढच्या दृश्यात त्याने तेच फूल दुसऱ्या नर अस्वलाला दिले आणि टीव्हीतून हशा उसळला. मी सोडून सगळी भावंडे हसून लोळली.

"तू काब्रं हासत नही वं, बाई?" भरताची वांगी सोलता सोलता आत्याने विचारले.

मला वर्गातली एक मैत्रीण फार आवडायची. ते कुणाला कळू नये म्हणून मी घाईने हसले.

आज तो प्रसंग मला प्रयोगासारखा दिसतो: बदललेला घटक एकच, आणि हशा नेमका त्यालाच. आता मुलांची कार्टून मी लिहिते. नव्या भागात मुलगी मैत्रिणीला फूल देते. निर्मात्यांना तिथे हशा हवा आहे. तिथे गोड संगीतच वाजेल.