ती कलर्ड मुलगी मीच

दाराच्या फटीतून बाईने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "घर गेलं," म्हणाली. खिडकीत 'भाड्याने देणे आहे' ही पाटी तशीच होती. मी पाटीकडे बोट दाखवलं. "तुमच्या लोकांसाठी नाही." दार बंद. आतून कडी घातल्याचा आवाज मी पायरीवर उभी राहून ऐकला.

बाळांनो, क्रमाने सांगते. साठचं दशक संपत आलं होतं. आदल्या उन्हाळ्यात डेट्रॉइट दंगलीत पेटलं होतं. रस्त्यावर रणगाडे आले होते. गोरी कुटुंबं शहर सोडून उपनगरांत चालली होती, आणि काळ्या, तेव्हाच्या भाषेत 'कलर्ड', माणसाला तिथे घर मिळत नव्हतं. तुमचे आजोबा मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर, मी इस्पितळाच्या लॅबमध्ये. तुमची आई पोटात होती. आमच्या घरमालकाला तान्हं मूल चालणार नव्हतं. बाळंतपणाआधी जागा हवीच होती.

मी ड्यूटीवरून तशीच गेले होते. स्कर्ट, ओव्हरकोट, डोक्याला रुमाल.

एका मराठी डॉक्टरांच्या पत्नीला आम्ही सगळे वहिनी म्हणायचो. त्या ऐकून हसल्याच. "अगं वेडाबाई, तुला त्या काळ्यांतली समजली ती! घर बघायला साडी नेसून जायचं. ठसठशीत कुंकू लावायचं. मी तर भाजी आणायलासुद्धा साडीतच जाते. पोस्टमन टोपी काढतो माझ्यापुढे!"

तेव्हा आपल्या बायकांची ही रीतच होती. साडी म्हणजे पासपोर्ट.

आजोबा म्हणाले, "जाऊन तर बघू. घर मिळाल्याशी मतलब."

लग्नातली हिरवी साडी नेसले. साडी माझीच, त्यात खोटं काय, अशी मनाची समजूत घातली. तीच पायरी, तेच दार, या वेळी आजोबा सोबत. बाईने मला ओळखलं नाही. "ओह माय! तुम्ही राजकन्या आहात का?" कॉफी दिली. बाळासाठी उन्हाची खोली दाखवली. किल्ली हातात घेऊन म्हणाली, "निर्धास्त राहा, हनी. परवा एक कलर्ड मुलगी आली होती. मी दारातूनच घालवली. वस्ती जपावी लागते."

मी कॉफीचा कप खाली ठेवला.

"ती मीच," मी म्हणाले.

बाई गोरीमोरी झाली. मग पुन्हा हसली. "चुकून झालं. पण तुम्ही वेगळ्या आहात." किल्ली अजून पुढेच. आजोबांचा हात अर्धा उचललेला.

मला आई आठवली. नागपुरात खोली मिळावी म्हणून तिने वरच्या जातीचं आडनाव सांगितलं होतं. जयंतीला आम्ही खिडक्या लावून दिवा लावायचो. एक दिवस खरं कळलं आणि आमची भांडी रस्त्यावर आली. आई ती गोळा करत म्हणाली, "खोट्या नावाचं छप्पर डोक्यावर नसतं गं, छातीवर असतं."

"ती मुलगी चालत नसेल," मी त्या बाईला म्हणाले, "तर मीही चालणार नाही." आणि उठले.

गाडीत आजोबा भडकले. "आता पाळणा काय तत्त्वाला टांगणार आहेस?"

"टांगू. पण त्या घरात नाही."

लॅबमधल्या एका काळ्या सहकारिणीने तिच्या मावशीच्या घराचा वरचा मजला आम्हाला मिळवून दिला. समोरची दुकानं जळून काळी पडलेली. मावशीने एकच प्रश्न विचारला, "बाळ कधी होणार?"

पुढे त्या बाईच्या उपनगरात नागरिकांची सभा होती. घर देताना रंग बघू नये, असा ठराव. मी त्याच स्कर्ट-कोटात, पुढे आलेलं पोट घेऊन उभी राहिले आणि सगळं सांगितलं. मागून कोणीतरी ओरडलं, "घरी जा!" मी म्हणाले, "घरच शोधते आहे." ठराव पडला. पुढच्या सभेला पुन्हा गेले, तेव्हा तुमची आई कडेवर होती.

आज हे का लिहिते? इथे डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमध्ये आमच्या वस्तीशेजारी कमी भाड्याची घरं बांधायची आहेत. विरोध करणाऱ्यांत आपले लोक पुढे आहेत. परवा देवळात एक काका म्हणाले, "मावशी, तसले लोक आले की शाळा बिघडतात." तसले लोक. शुद्ध मराठीत. आणि तुमच्यातलाच एक, तिकडे अ‍ॅशबर्नला राहणारा तू, रविवारी फोनवर म्हणालास, "आजी, चिल. दे डोन्ट मीन अस."

नाही बाळा. आपल्याला वगळून बोलतात, तेव्हाच आपण बोलायचं असतं.

गुरुवारी सभा आहे. मी ऐंशी ओलांडली आहे, गुडघे दुखतात, तरी उभी राहूनच बोलणार. आधी इंग्रजीत, मग मराठीत. म्हणजे आपल्या लोकांना समजलं नाही असं म्हणायला जागा राहणार नाही.